नाव, शस्त्र आणि नाते : व्यूहखेळांतील मध्ययुगीन सैनिक

युद्धाचा खेळ करण्याची प्रवृत्ती मनुष्यजातीत फार जुनी आहे. आणि त्या खेळातील सोंगट्यांना खऱ्या सैन्यातील नावे देण्याची चालही तितकीच जुनी आहे. पटावरचे प्यादे, घोडा आणि हत्ती हे एके काळी रणांगणावरील पायदळाचे, घोडदळाचे व गजदळाचे प्रतिनिधी होते. आज हीच प्रवृत्ती संगणकाच्या पडद्यावर आली आहे. वसाहत वसवावी, धान्य व सोने साठवावे, सैन्य उभारावे आणि शेजारचे राज्य जिंकावे, अशा स्वरूपाच्या व्यूहखेळांत मध्ययुगाला मोठे स्थान मिळाले आहे. इंग्रज धनुर्धर, तुर्की जॅनिसरी, मिसरचा ममलूक, जपानचा सामुराई, दिल्लीचा गुलाम आणि बंगालचा रथी हे सारे तेथे एकाच मैदानावर भेटतात. ह्या सैनिकांचे चित्रण इतिहासाला कितपत धरून आहे, हा प्रश्न वरवर पाहता छंदिष्टांचा वाटेल. परंतु भूतकाळाचे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात रूपांतर होते तेव्हा काय टिकते आणि काय गळते, हा प्रश्न ऐतिहासिक कादंबरीच्या व नाटकाच्या समीक्षेला नवा नाही. तोच प्रश्न येथे वेगळ्या वेषात उभा आहे.

भारतीय वाङ्मयात ह्या प्रश्नाची पूर्वपीठिका सापडते. महाभारताच्या आदिपर्वात अक्षौहिणीचे गणित दिलेले आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पाच पदाती मिळून एक पत्ती. तीन पत्तींचे एक सेनामुख. तीन सेनामुखांचे एक गुल्म. असे तिपटीने वाढत अनीकिनीपर्यंत जावयाचे, आणि दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी मानावयाची. म्हणजे एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पदाती होतात. इतके नेमके सैन्य कोणा राजाने कधी उभे केले असेल, असे मानण्याचे कारण नाही. ही संख्या सैन्याची मोजदाद नाही; ती सैन्याची कल्पना आहे. चार अंगे परस्परांना पूरक असावीत, त्यांचे प्रमाण ठरलेले असावे, लहान घटकापासून मोठ्या घटकापर्यंत एकच नियम चालावा, ही व्यवस्थेची ओढ त्या गणितामागे आहे. आजच्या व्यूहखेळाची रचना करणारा मनुष्य जेव्हा पथकांची प्रमाणे ठरवितो, तेव्हा तोही नकळत ह्याच वाटेने चाललेला असतो.

ह्या कल्पनेतूनच पट निर्माण झाला. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात बाणभट्टाने हर्षचरितात चतुरंग ह्या शब्दावर श्लेष साधला आहे. सेनेची चार अंगे आणि पटावरील मांडणी हे दोन्ही अर्थ त्याच्या वाचकांच्या परिचयाचे होते, असे त्यावरून दिसते. पुढे हा खेळ इराणात चत्रंग झाला, अरबांत शत्रंज झाला आणि त्यांच्यामार्फत युरोपात गेला. वाटेत त्यातील सैनिक बदलत गेले. राजाचा मंत्री युरोपात राणी झाला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्या राणीला पटावरील सर्वांत प्रबळ चाल मिळाली. हत्तीचा इंग्लंडात धर्माधिकारी झाला, फ्रान्समध्ये विदूषक झाला. मराठी पटावर त्याच घरात उंट बसतो, आणि हत्ती कोपऱ्यातल्या रथाच्या जागी सरकला आहे. बंगाली पटावर कोपऱ्यात नौका आहे, रशियन पटावरही नौकाच आहे. एकाच घराची ही इतकी नावे असूनही बुद्धिबळावर इतिहासाच्या विपर्यासाचा आरोप कोणी करीत नाही. त्याचे कारण उघड आहे. बुद्धिबळाचा पट इतिहास सांगण्याचा दावा करीत नाही. त्याने सैन्याकडून नावे उसनी घेतली, आणि बदल्यात वास्तवाची कोणतीही हमी दिली नाही.

ही हमी खेळात शिरली ती अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत. ब्रन्सविकच्या हेलविग ह्या गृहस्थाने १७८० साली बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून त्यावर पायदळ, घोडदळ व तोफखाना मांडला. १८२४ साली प्रशियाच्या राईसविट्झ ह्या तरुण सेनाधिकाऱ्याने चौकटींचा पटच टाकून दिला आणि प्रत्यक्ष प्रदेशाच्या नकाशावर खेळ रचला. हानीचे कोष्टक, फासे आणि निर्णय देणारा पंच ही त्याची साधने होती. प्रशियाच्या सेनेने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. येथून पुढे खेळातील सैनिक खऱ्या सैनिकासारखा वागला पाहिजे, अशी अपेक्षा रूढ झाली. एच. जी. वेल्सने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियमांचे पुस्तक लिहिले. १९७१ साली अमेरिकेत 'चेनमेल' ह्या नावाने मध्ययुगीन युद्धाचे छोट्या पुतळ्यांनी खेळावयाचे नियम प्रसिद्ध झाले. आणि १९९९ साली 'एज ऑफ एम्पायर्स' ह्या संगणकीय खेळाचा दुसरा भाग निघाला. त्यात आरंभी तेरा समाज होते, आणि प्रत्येक समाजाला त्याच्या किल्ल्यात तयार होणारे एक विशेष पथक दिलेले होते. खेळासोबत त्या त्या समाजाचा संक्षिप्त इतिहासही छापील ज्ञानकोशाच्या थाटात जोडलेला होता. पटाने जो दावा कधी केला नाही, तो येथे उघडपणे केला गेला. ज्याने दावा केला, त्याची तपासणी होणे योग्यच आहे.

तपासणीच्या आधी ह्या खेळाचे ऋणही मान्य केले पाहिजे. त्यातील मूळ नियम असा आहे की, भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी आणि तिरंदाज भालाइताला भारी. हे चक्र सोपे आहे. पण ते निराधार नाही. १३०२ साली कुर्त्रे येथे फ्लेमिश नगरांच्या पायदळाने फ्रेंच सरदारांचे घोडदळ मोडले. १३१४ साली बॅनकबर्न येथे स्कॉट भालाइतांच्या दाट तुकड्यांनी इंग्रज घोडेस्वारांची तीच गत केली. चिलखती घोडेस्वार उभा करण्यास सोने लागते आणि साधा भालाईत धान्य-लाकडावर उभा राहतो, हा खेळातील फरकही मध्ययुगाच्या अर्थव्यवहाराचे एक ढोबळ सत्य सांगतो. हत्ती मंद, महाग आणि तटबंदीला घातक दाखविला आहे, त्यातही फारसे चूक नाही. ज्यांनी हे खेळ रचले त्यांनी पुस्तके चाळली होती, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच त्यांचे प्रमाद निष्काळजीपणाचे म्हणून सोडून देता येत नाहीत. ते काही एका दृष्टीतून आलेले आहेत. त्यांचा विचार काल, शस्त्र आणि नाते अशा तीन पायऱ्यांनी करणे सोयीचे होईल.

पहिली पायरी कालाची. खेळात गॉथ लोकांना हस्कार्ल नावाचा ढालकरी सैनिक दिलेला आहे. हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील असून त्याचा अर्थ घरचा माणूस, स्वामीच्या आश्रयाला राहणारा सेवक असा आहे. अकराव्या शतकात इंग्लंडच्या राजांपाशी असे सैनिक होते, आणि १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईने त्यांचे नाव इतिहासात राहिले. गॉथांचे इटलीतील राज्य सहाव्या शतकाच्या मध्यास संपले आणि स्पेनमधील राज्य ७११ नंतर कोसळले. म्हणजे ह्या शब्दाची व त्या समाजाची गाठ इतिहासात पडलेली नाही. केल्टांच्या नावाखाली अंगाला निळा रंग फासलेला योद्धा येतो. तो रंग ज्यूलियस सीझरने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ब्रिटनच्या लोकांच्या अंगावर पाहिला होता. खेळातील केल्ट मात्र १२९७ साली स्टर्लिंगच्या पुलाजवळ लढलेल्या विल्यम वॉलेसचे अनुयायी आहेत. ह्या तेरा शतकांवरून उडी मारण्याचे बळ कोठून आले, ह्याचा शोध घेताना १९९५ सालचा वॉलेसवरील लोकप्रिय चित्रपट आठवल्यावाचून राहत नाही. त्यातही नायकाच्या चेहऱ्यावर निळा रंग होता.

भारताच्या वाट्याला हाच प्रकार अधिक बोधप्रद रीतीने आला. आरंभीच्या तेरा समाजांत भारत नव्हता. २०१३ साली 'भारतीय' असा एकच समाज आला. २०२२ साली त्याचे चार भाग होऊन हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे समाज झाले. एवढ्या मोठ्या भूखंडाला एकाच नावाने ओळखणे चुकीचे आहे, ही जाणीव त्यामागे होती, आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु बंगाल्यांचे विशेष पथक म्हणून रथ निवडण्यात आला. महाकाव्यांच्या सृष्टीत रथ हे वीराचे आसन खरे. पण मध्ययुग सुरू होण्याच्या सुमारासच रणांगणावरून तो मागे पडला होता, आणि घोडेस्वार व हत्ती ह्यांनी त्याची जागा घेतली होती. पाल व सेन राजांच्या बंगालची सैनिकी ओळख वेगळीच होती. कालिदासाने रघूच्या दिग्विजयात वंगांना नौकांच्या बळावर लढणारे लोक म्हणून रंगविले आहे. पाल राजांच्या ताम्रपटांत विजयी छावणीचे वर्णन करताना गंगेवरील नौकांच्या तांड्याचा उल्लेख येतो. खेळाने बंगाल्यांना आरमारात व गजदळातही काही बळ दिले आहे, हे नमूद केले पाहिजे. मात्र त्यांची मुद्रा म्हणून पुढे केला तो रथच.

येथे बुद्धिबळाच्या पटाकडे पुन्हा वळून पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकातील बंगालचे स्मृतिकार रघुनंदन ह्यांच्या 'तिथितत्त्व' ह्या ग्रंथात चौघांनी फाशांवर खेळावयाच्या चतुरंगाचे वर्णन आहे. त्यात राजा, हत्ती, घोडा आणि प्यादी आहेत. रथाच्या ठिकाणी मात्र नौका आहे. नद्यांच्या त्या प्रदेशात रथाला अर्थ उरला नव्हता, तेव्हा खेळणाऱ्यांनी पटावरचा रथ उतरवून तेथे आपल्या ओळखीचे वाहन ठेवले. ज्या खेळाने इतिहासाचा दावा केला नाही त्याने बंगालचे वास्तव अचूक टिपले, आणि ज्याने दावा केला त्याने नौकेच्या देशाला पुन्हा रथात बसविले. ह्याचे कारण असे की, पहिला बदल त्या प्रदेशात राहणाऱ्यांनी आपल्या अनुभवातून केला. दुसरी निवड 'प्राचीन भारत' ह्या सर्वसामान्य प्रतिमेतून झाली. कालविपर्यासाचे मूळ पुष्कळदा अज्ञानात नसते. एखाद्या समाजाची जी एक ठसठशीत प्रतिमा जगात रूढ झालेली असते, तीच कोणत्याही शतकात त्याच्या गळ्यात घातली जाते.

दुसरी पायरी शस्त्राची. खेळातला ममलूक उंटावर बसतो आणि वक्र तलवार फेकून मारतो. प्रत्यक्षात १२५० ते १५१७ पर्यंत मिसरवर राज्य करणाऱ्या ममलूकांचे बळ घोडा, धनुष्य आणि भाला ह्यांत होते; ह्या विद्यांसाठी त्यांनी शिक्षणाची कडक परंपरा व स्वतंत्र ग्रंथवाङ्मय निर्माण केले होते. १२६० साली ऐन जालूत येथे त्यांनी मंगोलांना रोखले ते ह्याच बळावर. तलवार हातातून भिरकावून देणारा सैन्यप्रकार इतिहासाला ठाऊक नाही. जपानी सामुराई खेळात पायी लढणारा, चपळ तलवारबहाद्दर आहे. पण आरंभीच्या शतकांतील सामुराई मुख्यतः घोड्यावरून बाण मारणारा योद्धा होता, आणि तलवारीभोवतीचे तेजोवलय बरेचसे पुढच्या, १६०३ नंतर आलेल्या शांततेच्या काळात वाढले. द्रविडांना उरुमी नावाचे लवचिक पाते दिलेले आहे. केरळातील कळरीपयट्टू ह्या युद्धविद्येत ते शस्त्र आहे, आणि ते फिरविणाऱ्याचे कौशल्य थक्क करणारे असते. पण जे पाते फिरविताना भोवती मोकळी जागा लागते, ते खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या पायदळात शत्रूआधी शेजाऱ्यालाच कापील. आखाड्यातील विद्या आणि रणांगणातील शस्त्र ह्यांतला भेद येथे पुसला गेला आहे.

शस्त्राच्या ह्या चुका रसिकांच्या लक्षात लवकर येतात आणि त्यांवरच बहुतेक वाद होतात. परंतु शस्त्र दुरुस्त केले म्हणजे सैनिक खरा झाला, असे होत नाही. ममलूकाच्या हातात धनुष्य दिले, सामुराईला घोड्यावर बसविले, तरी ह्या चित्रात एक मोठी उणीव राहते. तिसरी पायरी तेथून सुरू होते. खेळात सैनिक कसा जन्माला येतो, ते पाहावे. अन्न, लाकूड व सोने ह्यांचा ठरावीक साठा खर्ची पडतो, काही क्षण जातात, आणि किल्ल्याच्या दारातून पूर्ण वाढलेला, शिकलेला, सशस्त्र मनुष्य बाहेर येतो. तो कोठून आला, कोणाचा आहे, कशासाठी लढतो, हे प्रश्न उद्भवतच नाहीत. मध्ययुगीन सैन्य मात्र ह्याच प्रश्नांच्या उत्तरांचे बनलेले होते.

इंग्रज धनुर्धराचे उदाहरण घ्यावे. त्याचे शस्त्र खेळात बरोबर आहे, काल बरोबर आहे, लांब पल्लाही बरोबर आहे. पण असा धनुर्धर काही क्षणांत तयार होत नसे. १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्याने प्रजेने आपापल्या ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगावे असे ठरविले. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने सणावाराच्या दिवशी इतर खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करण्याची आज्ञा काढली. १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचे सांगाडे १९८२ साली समुद्रातून वर काढण्यात आले. त्या नौकेवर शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली, आणि खलाशांच्या काही अस्थींत खांद्याच्या हाडाची अशी ठेवण आढळली की, ती लहानपणापासून जड धनुष्य ओढण्याने आली असावी, असे संशोधक मानतात. क्रेसी आणि अजिंकूर येथील विजयांमागे गावोगावच्या मैदानांतील वर्षानुवर्षांचे रविवार होते. ते वगळले की धनुर्धर केवळ एका शस्त्राचा वाहक उरतो.

ही उणीव सर्वांत तीव्रपणे जाणवते ती ज्यांच्या नावातच त्यांचे नाते सांगितलेले आहे त्यांच्या बाबतीत. ममलूक ह्या अरबी शब्दाचा अर्थ 'ज्याच्यावर मालकी आहे तो' असा आहे. किपचाक तुर्कांच्या व पुढे सर्केशियन लोकांच्या मुलांना गवताळ प्रदेशांतून व डोंगरांतून आणून विकले जाई. मालक त्यांना धर्म, शस्त्र आणि नवे नाव देई. ऐन जालूतनंतर सुलतान झालेला बायबर्स असाच विकत घेतलेला मुलगा होता. त्यांच्या मुलांना मात्र वडिलांच्या ह्या वर्गात सहसा स्थान नसे. नवे ममलूक पुन्हा विकतच आणावे लागत. डेव्हिड आयालोन ह्यांनी १९५६ साली असे प्रतिपादन केले की, बंदुकीचे युग आले तरी ममलूक घोडा व धनुष्य सोडावयास तयार नव्हते, कारण ती शस्त्रे त्यांच्या प्रतिष्ठेचा पाया होती. पुढील संशोधकांनी ह्या मताला मर्यादा घातल्या, तरी त्यातील मर्म महत्त्वाचे आहे. शस्त्र आणि नाते ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. कोणी कोणते शस्त्र धरावे, हे तो कोणाचा आहे ह्यावर ठरत असे.

तुर्की जॅनिसरीचे शस्त्र खेळाने जवळजवळ बरोबर दाखविले आहे. त्याच्या हातात बंदूक आहे, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत ह्या दलाने बंदूक आपलीशी केली हे सत्य आहे. परंतु बाल्कन प्रदेशातील ख्रिस्ती कुटुंबांतून मुलगे उचलून नेण्याची जी देवशिर्मे नावाची पद्धत होती, तिचा मागमूस त्या सैनिकात नाही. बंदूक दिसते, घर सुटलेला मुलगा दिसत नाही. हिंदुस्थानी समाजाला दिलेल्या पथकाचे नाव तर 'गुलाम' हेच आहे. मराठी माणसाला हा शब्द पत्त्यांच्या डावातून लहानपणीच भेटतो; त्यामागचा इतिहास त्याला उशिरा कळतो. कुतुबुद्दीन ऐबक व इल्तुतमिश हे दिल्लीचे आरंभीचे सुलतान एके काळी विकले गेलेले होते. सुनील कुमार ह्यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, मूळ घरादारापासून तोडलेला मनुष्य स्वामीवाचून दुसरे कोणतेही नाते जाणत नाही, ह्याच कारणाने सुलतानांना अशा निवडक बंद्यांचा भरवसा वाटे. हे भयंकर राजकीय शहाणपण समजल्यावाचून दिल्लीच्या सल्तनतीचा आरंभ समजत नाही. खेळात मात्र 'गुलाम' हे एका चपळ पायदळी सैनिकाचे नाव आहे. तो भालाइताच्या किंवा सामुराईच्या शेजारी उभा राहतो, आणि त्याचे मोल अन्न व सोने ह्यांच्या आकड्यांत लिहिलेले असते. इतिहासात त्याच्यावर खरोखरच किंमत लिहिलेली होती, हा योगायोग क्रूर आहे. कारण खेळात ती किंमत सर्वांवरच लिहिलेली असल्यामुळे त्याच्यापुरती ती दिसेनाशी होते.

नात्याचे दुसरे टोक चोळांच्या राज्यात पाहावयास मिळते. राजराज चोळाने बांधलेले तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर १०१० साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील लेखांत अनेक सैन्यदलांची नावे आहेत. हत्तीवरील सैनिकांची, घोडेस्वारांची, धनुर्धरांची, तसेच वेळैक्कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विश्वासू सैनिकांची ती दले होती, आणि त्यांच्या नावांना राजाच्या बिरुदांची जोड दिलेली असे. विशेष असे की, ही नावे युद्धवर्णनात येत नाहीत. ती मंदिराला दिलेल्या दानांच्या संदर्भात येतात. पुढे बाराव्या शतकात श्रीलंकेतील पोलोन्नरुव येथे वेळैक्कारांनी बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराचे रक्षण करण्याचे व्रत घेतल्याचा शिलालेखच आहे. म्हणजे मध्ययुगीन 'पथक' हे स्वतःचे नाव, लौकिक आणि धर्मकर्तव्य असलेली एक संस्था होते. ते शब्द देऊ शकत होते आणि तो पाळण्यास बांधलेले होते. दक्षिणेच्या ह्या सैन्यजीवनाचे खरे वैशिष्ट्य शोधणाऱ्याला उरुमीपाशी थांबण्याची गरज नव्हती. ते तंजावरच्या भिंतीवर कोरलेले आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. खेळ हा खेळ आहे. त्यात सर्व काही आणावयाचे म्हटल्यास खेळणेच अशक्य होईल. ऐतिहासिक कलाकृतीत काही कालविपर्यास अटळ असतो, हे हेगेलने सांगितले आणि ग्यॉर्ग लुकाच ह्यांनी ऐतिहासिक कादंबरीवरील आपल्या ग्रंथात त्याचा विस्तार केला. ते खरेच आहे. परंतु लुकाच ज्या विपर्यासाला आवश्यक म्हणतात, तो भूतकाळाचा गाभा आजच्या माणसाला कळावा म्हणून केलेला असतो. पात्रांच्या तोंडी आजची स्पष्ट भाषा घातली तरी त्यांच्या काळातील संघर्ष ढळू नये, अशी त्याची अट आहे. व्यूहखेळांत बहुधा उलट घडते. वेष, नाव आणि हत्यार ह्यांचा बाह्य तपशील जपला जातो, आणि संघर्षाचा गाभा सर्व समाजांसाठी एकसारखा करून टाकला जातो. प्रत्येक समाज तेच चार साठे जमवितो, त्याच चार युगांतून वर चढतो आणि तशाच आज्ञाधारक सैनिकांनी लढतो. भेद उरतो तो अंगरख्याचा आणि एका विशेष पथकाचा.

संक्षेप हा सत्याचा शत्रू आहे, असेही मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातील गावोगावच्या वीरगळांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट पटते. त्यांतील वीर ठरावीक साच्याचा असतो. त्याच्या तलवारीवरून वा ढालीवरून शस्त्राचा इतिहास सांगणे पुष्कळदा कठीण जाते. पण खालच्या पट्टीत तो कशासाठी लढला हे असते, कधी ओळीने उभ्या केलेल्या गाई असतात. मधल्या पट्टीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा असतात. वरच्या पट्टीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. तीन पट्ट्यांच्या त्या आखीव चौकटीत गाव, मरण आणि श्रद्धा ह्या तिन्हींशी असलेले सैनिकाचे नाते मावले आहे. शिल्पकाराने तपशील सोडला, नाते सोडले नाही.

व्यूहखेळांनाही हे अशक्य नाही, ह्याची चिन्हे त्यांच्यातच आहेत. २००२ साली निघालेल्या 'मिडीव्हल : टोटल वॉर' ह्या खेळात प्रत्येक पथकाला धैर्याचे मान दिलेले आहे, सेनापती पडला, बाजूने हल्ला झाला, शेजारचे पथक मोडले, म्हणजे सैनिक पळू लागतात. शेवटच्या माणसापर्यंत निमूटपणे लढणाऱ्या सोंगटीपेक्षा हा पळणारा मनुष्य इतिहासाच्या अधिक जवळ आहे. जपानी शोगी ह्या जुन्या पटात तर जिंकलेली सोंगटी मरत नाही, ती जिंकणाऱ्याच्या बाजूने पुन्हा उतरते. तिच्या नियमामागील हेतू कोणताही असो, स्वामी बदलला की सैनिकही बदलतो, ही मध्ययुगाला परिचित असलेली गोष्ट तीत नियमाच्या रूपाने आली आहे. नियम हेच खेळाचे व्याकरण आहे. जे सांगावयाचे ते चित्रातून व टिपणांतून सांगण्याऐवजी नियमांतून सांगता आले, तर खेळ इतिहासाला खऱ्या अर्थाने जवळ करील. विकत आणलेल्या सैनिकांचे बळ त्यांच्या मुलांकडे जात नाही, धनुर्धर पिढीच्या सरावावाचून मिळत नाही, हत्ती तबेल्यात न जन्मता राखलेल्या अरण्यातून पकडून आणावा लागतो, हे सारे नियम होण्याजोगे आहे. कौटिल्याने वीस वर्षांचा हत्ती पकडावा असे सांगून गजवनांची व्यवस्था लावून दिली, आणि टॉमस ट्राउटमन ह्यांनी २०१५ साली राजा, हत्ती व अरण्य ह्यांच्या ह्या संबंधावर ग्रंथ लिहिला. खेळ रचणाऱ्याला साहित्य कमी नाही.

समीक्षकांनी व अनुवादकांनी ह्या क्षेत्राकडे पाठ फिरविण्याचे दिवस आता राहिले नाहीत. पुष्कळ तरुणांना पाल, चोळ वा ममलूक ही नावे प्रथम भेटतात ती ह्या खेळांतच. त्यांतून जी प्रतिमा बसते ती पुढे पुस्तकानेही सहज हलत नाही. ही नावे भारतीय भाषांत उतरविण्याची वेळ येईल, तेव्हा शब्दांबरोबर त्यांचे अर्थही उतरवावे लागतील. हस्कार्ल म्हणजे घरचा माणूस, ममलूक म्हणजे मालकीचा माणूस, वेळैक्कार म्हणजे शब्दाने बांधलेला माणूस. खेळणाऱ्याने त्यांना कोणत्याही मैदानावर लढवावे, त्याला हरकत असण्याचे कारण नाही. मात्र ज्याला 'गुलाम' ह्या नावाने पडद्यावर उभे केले आहे, तो कोठून आणला गेला आणि त्याच्या मागे कोण राहिले, हे त्या नावाशेजारी दोन ओळींत लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा इतिहासाने ठेवावी.